गुरुजींच्या मोबाईलमधली फुकट शिदोरी : शाळेत कोणती ऑनलाइन साधनं वापरतात आणि घरी आपल्याला त्यांचा काय उपयोग

आंबी (ता. मावळ), वार्ताहर :

जिल्हा परिषदेच्या शाळांत फळा-खडूच्या जोडीला मोबाईल आणि टीव्ही येऊन आता बरीच वर्षं झाली. पण शिक्षक त्या मोबाईलवर नेमकं काय उघडतात, हे बहुतेक पालकांना माहीत नसतं. कोणी म्हणतं, 'शाळा डिजिटल झाली, भारी झालं.' कोणी म्हणतं, 'सर दिवसभर मोबाईलमध्येच डोकं घालून असतात.' दोन्ही बोलणी अर्ध्या माहितीवरची आहेत.

खरी गोष्ट अशी, की शिक्षकांच्या मोबाईलवर दोन प्रकारचं ऑनलाइन काम असतं. एक माहिती भरण्याचं. यूडायस प्लसची नोंद, सरल पोर्टल, पोषण आहाराची रोजची आकडेवारी, प्रशिक्षणाच्या लिंका. या कामाला शिक्षकच कंटाळलेत, आणि 'आम्हाला शिकवू द्या' ही त्यांची मागणी आपण बातम्यांत वाचलेली आहे. दुसरं काम शिकवण्याचं. त्यासाठी चांगली, मराठीतली आणि एक रुपयाही न घेणारी साधनं आज उपलब्ध आहेत. आजचा लेख या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. यातलं जवळजवळ प्रत्येक साधन पालकांनाही तसंच्या तसं खुलं आहे. त्यासाठी शिक्षक असावं लागत नाही, पासवर्ड लागत नाही, फी लागत नाही. तरीसुद्धा कितीतरी घरांत याच गोष्टींसाठी कंपन्यांना हप्त्याने पैसे दिले जातात. म्हणून ही माहिती गुरुजींइतकीच आपल्याला हवी.

दोन शिक्षक, चार वर्ग

आधी शाळेची अडचण समजून घेऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. वाडी-वस्तीवरच्या शाळेत पट कमी, म्हणजे पहिली ते चौथी चार वर्ग आणि शिकवणारे दोघे. एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला बसवायचं, तोवर दुसरीचं काय? त्यात एखाद्या दिवशी एक शिक्षक मीटिंगला किंवा प्रशिक्षणाला गेले, की चारही वर्ग एकाच्या अंगावर.

अशा वेळी टीव्हीवर लावलेली एक चांगली गोष्ट, मुलांनी आळीपाळीने सोडवलेला एक सराव किंवा ऐकवलेली एक कविता शिक्षकाला दहा-पंधरा मिनिटं मोकळी करून देते. तेवढ्या वेळात तो मागे पडलेल्या चार मुलांजवळ बसू शकतो. साधनाचा खरा उपयोग हा आहे. शिकवणारा माणूसच असतो, मोबाईल त्याला फक्त हात मोकळा करून देतो.

आपल्या आंबी, नवलाख उंबरे, मंगरूळ या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. एमआयडीसीमुळे बाहेरून आलेली कुटुंबं इथे राहतात. कोणी मराठवाड्यातून, कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून. घरी हिंदी बोलणारं पोरगं मराठी शाळेत येऊन बसतं, तेव्हा पहिले काही महिने त्याला फळ्यावरचं समजत नाही. त्यासाठीही खालची काही साधनं कामाला येतात.

१. दीक्षा : पुस्तकातला तो चौकोन

मुलाचं बालभारतीचं पाठ्यपुस्तक उघडा. पानावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला दिसेल. दुकानात पैसे देताना आपण स्कॅन करतो तसाच. हा क्यूआर कोड. तो 'दीक्षा' नावाच्या सरकारी ॲपशी जोडलेला आहे.

दीक्षा हे केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचं व्यासपीठ. ५ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे शिक्षकदिनी ते सुरू झालं आणि एनसीईआरटी ते चालवते. त्यात पाठाचे व्हिडिओ, कवितांचा ऑडिओ, सरावाचे प्रश्न असं साहित्य आहे. मराठी माध्यमाचंही आहे.

वापरायची पद्धत सोपी आहे :

- प्ले स्टोअरमधून दीक्षा ॲप घ्या. उघडल्यावर भाषा मराठी निवडा.
- लॉगिन विचारलं तर पाहुणा म्हणून पुढे जाण्याचा पर्याय असतो, तो घ्या. नाव-नंबर द्यायची गरज नाही.
- बोर्ड महाराष्ट्र, माध्यम आणि इयत्ता निवडा.
- ॲपमधलं स्कॅनचं चिन्ह दाबून कॅमेरा पुस्तकातल्या चौकोनावर धरा. त्या पाठाचं साहित्य समोर येतं.
- कॅमेरा खराब असेल तर चौकोनाखाली छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण हाताने टाका. तेच साहित्य उघडतं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. व्हिडिओजवळ डाउनलोडचं चिन्ह असतं. एकदा उतरवून घेतलं की नंतर रेंज नसली तरी चालतं. उतरवलेलं साहित्य फाईल म्हणून दुसऱ्या मोबाईलमध्येही पाठवता येतं. म्हणजे एका पालकाने रेंजमध्ये असताना उतरवलं, तर वस्तीवरच्या बाकीच्यांना नेट न लागता ते देता येतं.

सगळे व्हिडिओ सारखे चांगले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. काही रटाळ आहेत, काही फार घाईने बोलतात. म्हणून शिक्षक आधी स्वतः बघून मगच वर्गात लावतात. घरीही तसंच करा.

हा चौकोन आला कुठून?

याचं मूळ आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेवर रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली रुजू झाले. शाळा कसली, एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली असलेली पडकी इमारत. डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मूल स्कॅन करायचं आणि कविता ऐकायचं, व्हिडिओ बघायचं.

हा प्रयोग पुढे राज्याने उचलला. २०१७ मध्ये महाराष्ट्राने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणायचं जाहीर केलं आणि २०१८ मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तशी घोषणा झाली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बक्षीस दहा लाख डॉलरचं. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

सांगायचं कारण एवढंच, की ही कल्पना कुठल्या मोठ्या कंपनीच्या ऑफिसात नाही, दुष्काळी भागातल्या एका साध्या शाळेत रुजली. आणि आज तीच आपल्या मुलाच्या दप्तरात छापून आलेली असताना कितीतरी घरांत तो चौकोन एकदाही स्कॅन झालेला नाही.

२. ई-बालभारती आणि किशोर

बालभारती म्हणजे पुण्यातली राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाची संस्था, १९६७ साली सुरू झालेली. त्यांच्या ई-बालभारती संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. गूगलवर मराठीत 'ई-बालभारती' लिहिलं तरी सापडतं.

पुस्तक पावसात भिजलं, फाटलं, हरवलं, किंवा मूल आजोळी गेलं आणि दप्तर घरी राहिलं, तर मोबाईलवर पुस्तक उघडून अभ्यास करता येतो. शिक्षक याचा आणखी एक उपयोग करतात. पान मोठं करून टीव्हीवर दाखवतात, म्हणजे सगळा वर्ग एकदम चित्र बघतो. आणि तिसरीच्या मुलाला पहिलीचं वाचन जमत नसेल, तर त्याला सगळ्यांसमोर 'पहिलीचं पुस्तक आण' न म्हणता मोबाईलवर तेच पान काढून देतात. पोराचा मानही राहतो आणि अभ्यासही होतो.

बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं. आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या लोकांनी शाळेत ते वाचलेलं असेल. त्याचे जुने अंक आता ऑनलाइन वाचायला ठेवलेले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मुलाबरोबर बसून आपल्या लहानपणचा एखादा अंक काढून बघा. मूल वाचेल आणि आपणही वाचू.

३. स्टोरीवीव्हर : गोष्टींची पेटी

वाचनाची गोडी लागायला पाठ्यपुस्तक पुरत नाही. गोष्टीची पुस्तकं लागतात आणि ती गावात मिळत नाहीत. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर चित्रांच्या गोष्टी आहेत, मराठीतही भरपूर. वाचा, उतरवून घ्या, छापून काढा, सगळं फुकट आणि कायद्यानेही चालतं.

गोष्टी चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर एका पानावर दोन-चार शब्द आणि मोठं चित्र. चौथ्या पायरीवर सलग मोठी गोष्ट. मूल कितवीत आहे ते न बघता त्याला जी पायरी अडखळत का होईना वाचता येते तिथून सुरुवात करायची. पाचवीतल्या मुलाला दुसरी पायरी दिली म्हणून काही बिघडत नाही.

आणि एमआयडीसी पट्ट्यातल्या शाळांना याचा मोठा फायदा असा, की एकच गोष्ट अनेक भाषांत असते. हिंदी बोलणाऱ्या मुलाने आधी ती हिंदीत वाचली की कथा डोक्यात बसते. मग मराठीत वाचताना शब्द अडला तरी अर्थ अडत नाही. शेजारचं मराठी मूल त्याला वाचून दाखवतं आणि दोघंही शिकतात.

४. फेट : प्रयोगशाळा नसलेल्या शाळेची प्रयोगशाळा

हे साधन सहावी-सातवीपासून वरच्या मुलांसाठी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने बनवलेलं आहे. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले कार्ल वीमन यांनी २००२ साली ते सुरू केलं. नाव 'फेट'. विज्ञान-गणिताचे प्रयोग पडद्यावर हाताने करून बघायचे. त्यातले बरेचसे मराठीत आहेत.

एक उदाहरण देतो. वीज शिकवायची आहे. पडद्यावर सेल, बल्ब, वायर, बटण दिलेलं असतं. मूल बोटाने ते जोडतं. जोडणी बरोबर झाली की बल्ब पेटतो. एकाच वायरीवर दोन बल्ब एकापुढे एक लावले की उजेड कमी पडतो. दोघांना वेगवेगळी वायर दिली की दोन्ही नीट पेटतात. घरातली लाईटफिटिंग अशी का असते, हे मुलाला तिथेच कळतं. शॉक लागायची भीती नाही आणि सामान मोडायची पण नाही.

अपूर्णांकाचंही तसंच. पाव, अर्धा, पाऊण हे भाकरीच्या तुकड्यासारखे समोर दिसतात. हे प्रयोगसुद्धा एकदा उतरवून घेतले की नेट नसताना चालतात.

५. अरविंद गुप्ता : टाकाऊतून विज्ञान

आतापर्यंतची साधनं पडद्यावर बघायची होती. हे साधन बघून मोबाईल बाजूला ठेवायचा आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यातल्या आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी, जुना पेपर, झाडूची काडी अशा वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करायची, याचे शेकडो छोटे व्हिडिओ आणि पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मराठीतही आहेत.

यातला एक प्रयोग तर आज संध्याकाळी घरी होईल. शीतपेयाची नळी घ्या. एक टोक दाताने चपटं करा आणि कात्रीने तिरपे दोन काप देऊन टोक बाणासारखं करा. ते टोक तोंडात धरून फुंका, पिपाणी वाजते. आता वाजवत वाजवत दुसऱ्या टोकाकडून नळी थोडी थोडी कापत जा. नळी आखूड होईल तसा आवाज बारीक होत जातो. सनई, बासरी, पिपाणी यांचं विज्ञान एवढंच आहे. हे वाचून पाठ करायला आठवडा लागतो, करून बघायला दोन मिनिटं.

ज्या शाळेत टीव्ही बंद पडलाय, लाईट नाही, तिथे सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच साधन आहे. शिक्षकाने घरी बघायचं आणि वर्गात हाताने करून दाखवायचं.

६. रोजच्या मोबाईलमधलीच चार अवजारं

काही गोष्टी वेगळ्या घ्यायच्या नसतात, मोबाईलमध्ये आधीच असतात किंवा लगेच मिळतात.

बोलून टाइप करणं. कीबोर्डवर मराठी भाषा निवडून माईकचं चिन्ह दाबायचं आणि बोलायचं. मोबाईल मराठीत लिहितो. शिक्षक सरावाचे प्रश्न असे झटपट तयार करतात. ज्या आई-वडिलांना लिहायचा सराव नाही, त्यांनाही शिक्षकांना निरोप पाठवायला हे बरं पडतं. फक्त पाठवायच्या आधी एकदा वाचून घ्यायचं, शब्द कुठलेही होतात.

गूगल अर्थ. वरून दिसणारा नकाशा. भूगोलाचा तास यावर रंगतो. लोणावळ्याच्या डोंगरातून निघालेली इंद्रायणी आपल्या आंबीजवळून देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला कशी मिळते, हे मुलं बोटाने नदीवरून फिरत बघतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना वरून बघता येतात. लोहगड तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तो आपल्या तालुक्यातला आहे, हे मुलांना नकाशावर दाखवलं की विसरत नाहीत.

मराठी विश्वकोश. एखाद्या विषयाची खात्रीची माहिती मराठीत हवी असेल तर विश्वकोशाचे खंड ऑनलाइन फुकट आहेत. भाषा जरा जड आहे, पण निबंध-प्रकल्पाला व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माहितीपेक्षा शंभरपट बरी.

एआय. चॅटजीपीटी, जेमिनाय ही नावं आता गावातही ऐकू येतात. 'बेरजेची दहा शाब्दिक उदाहरणं दे' म्हटलं की देतात. शिक्षकांचा वेळ वाचतो. पण ही अवजारं चुकीची गोष्टसुद्धा ठामपणे सांगतात आणि त्यांच्या मराठीत कधी कधी खडे निघतात. तांदूळ निवडल्याशिवाय शिजवत नाही, तसं पुस्तकाशी ताडल्याशिवाय मुलापुढे ठेवायचं नाही. आणि गृहपाठ त्यांच्याकडून लिहून घ्यायची सवय मुलाला लागली, तर शिकायचं राहूनच जाईल.

रेंज नसेल तर?

आंबीत एमआयडीसीच्या कृपेने टॉवर जवळ आहेत. पण टाकवे बुद्रुकच्या पुढे आंदर मावळात डोंगराकडे जा, किंवा पवन मावळातल्या आतल्या वाड्यांवर जा. पावसाळ्यात लाईट गेली की रेंजही जाते. तिथे 'ऑनलाइन' शब्दालाच अर्थ राहत नाही.

म्हणून साधन निवडताना पहिला प्रश्न हा, की एकदा उतरवून घेतलं की पुढे नेट न लागता चालतं का? वर सांगितलेल्यांपैकी दीक्षाचे व्हिडिओ, बालभारतीची पुस्तकं, स्टोरीवीव्हरच्या गोष्टी, फेटचे प्रयोग हे सगळे या परीक्षेत पास होतात. बरेच शिक्षक तळेगाव, वडगाव किंवा कामशेतला असताना रात्री हे उतरवून घेतात आणि सकाळी पेन ड्राइव्हमध्ये शाळेत नेतात. त्यांचा स्वतःचा डेटा आणि स्वतःचा वेळ त्यात जातो, हे गावाने लक्षात ठेवलं पाहिजे.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

आता दुसरी बाजू. मुलाच्या अभ्यासाचं नाव काढलं की आई-बापाचा हात सैल सुटतो, हे विकणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. 'फ्री डेमो' म्हणून घरी येतात, मुलाला चार प्रश्न विचारतात, 'तुमचा मुलगा मागे आहे' म्हणून घाबरवतात आणि वर्षाचा कोर्स गळ्यात मारतात. पैसे एकदम नसतील तर हप्ते. कागदावर सही होते आणि नंतर कळतं की तो हप्ता नव्हता, आपल्या नावावर कर्जच काढलेलं होतं.

हे इतकं वाढलं की डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी सावधानतेची सूचना काढली. त्यातला सांगावा थोडक्यात असा : फुकट म्हणून दाखवलेल्या गोष्टीच्या अटी आधी वाचा. खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका. कार्ड-खात्याची माहिती ॲपमध्ये भरून ठेवू नका. कर्जाच्या कागदावर समजल्याशिवाय सही करू नका.

त्यात आणखी एक भर घालतो. 'शिष्यवृत्ती यादी', 'निकाल' अशा नावाची एपीके फाईल व्हॉट्सॲपवर आली तर उघडू नका, मग ती शाळेच्या ग्रुपवर आलेली का असेना. ॲप घ्यायचं तर प्ले स्टोअरमधूनच. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार, फोटो मागणाऱ्या ॲपला आधी विचारा, कशाला हवंय? २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय. पुस्तक वाचायला आणि बल्ब पेटवून बघायला आधार कार्ड लागत नाही.

थोडक्यात, कुठलंही नवं साधन समोर आलं की चार प्रश्न विचारायचे. मराठीत आहे का? फुकट आहे का? रेंजशिवाय चालतं का? मुलाची माहिती मागतं का? पहिल्या तिन्हींचं उत्तर 'हो' आणि शेवटच्याचं 'नाही' आलं, तर बिनधास्त घ्या.

मग अडलंय कुठे?

साधनं आहेत, फुकट आहेत, मराठीत आहेत. तरी घोडं अडतं ते घरातल्या मोबाईलपाशी.

प्रथम संस्थेच्या 'असर २०२४' या देशभरच्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असं सांगणारी ५७ टक्के. सोशल मीडियासाठी वापरला असं सांगणारी ७६ टक्के. म्हणजे मोबाईल हातात नाही अशी अडचण नाही, हातात आल्यावर काय उघडतं हा प्रश्न आहे.

लहान मुलांचं वेगळं. शिक्षक दुपारी चार वाजता ग्रुपवर गोष्ट पाठवतात. त्या वेळी मोबाईल बापाबरोबर शेतात, नाहीतर कंपनीच्या दुसऱ्या पाळीत. आवणीच्या दिवसांत तर आई पण चिखलात असते. घरी मोबाईल येतो तेव्हा मूल झोपलेलं, नाहीतर घरातल्या मोठ्यांची रील चालू. दुसऱ्या दिवशी शिक्षक विचारतात, किती जणांनी वाचलं? तिघं-चौघं हात वर करतात. त्या तिघा-चौघांच्या घरी मोबाईल जागेवर होता, एवढाच फरक. हुशारीचा प्रश्न तिथे नव्हताच.

गावाने आणि घराने काय करावं

घरासाठी एकच गोष्ट सांगतो. जेवणाच्या आधी रोज वीस मिनिटं मोबाईल मुलाच्या अभ्यासाचा. नेट बंद करा, उतरवलेली गोष्ट उघडून द्या आणि शेजारी बसा. आपल्याला वाचता येत नसलं तरी चालेल. 'मला वाचून दाखव' म्हटलं की मूल वाचतं. एकटं सोडलं की बोट रीलकडे जाणारच, त्यात मुलाचा दोष नाही. दोन भावंडं असतील तर मोठ्याने धाकट्याला वाचून दाखवायचं, दोघांचंही होतं.

गावासाठी तीन गोष्टी.

एक, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे बहुमत आपलंच आहे. समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलनाबरोबर हेही विचारा : टीव्ही चालू आहे का? नेटचं रिचार्ज कोण भरतं? लाईट बिल थकलंय का? उत्तर 'सर खिशातून भरतात' असं आलं, तर ते गावाला शोभत नाही.

दोन, ग्रामसभा. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेचा विषय घ्या. नवीन टॅब मागण्याच्या आधी बंद पडलेला टीव्ही दुरुस्त करून मागा.

तीन, कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. आपल्या भागात कंपन्यांची कमी नाही. पण अनेक ठिकाणी काय होतं, तर टॅब वाटतात, फोटो निघतो आणि वर्षभरात बॅटरी गेली की ते कपाटात जातात. म्हणून मागताना वस्तूबरोबर तीन वर्षांची दुरुस्ती आणि शिक्षकांचं प्रशिक्षण मागा.

बरेच पालक आज शाळेची पारख टीव्ही आहे का, टॅब आहेत का, इंग्रजी नाव आहे का यावर करतात आणि गावातली शाळा सोडून व्हॅन लावतात. पट घटला की शिक्षक कमी, शिक्षक कमी की पट आणखी घटतो. पारख करायचीच असेल तर दुसरीतल्या आपल्या मुलासमोर न बघितलेली एक गोष्ट ठेवा आणि वाचायला सांगा. वाचलं तर शाळा चांगली, टीव्ही असो वा नसो. अडखळलं तर भांडायला न जाता शिक्षकांना भेटा आणि त्याला स्टोरीवीव्हरवरची कितवी पायरी द्यायची ते विचारा.

इंद्रायणीचं बी कितीही चांगलं आणलं तरी चिखलणी आणि आवणी वेळेवर झाली नाही तर खाचरात काही उगवत नाही. ॲपचंही तसंच आहे. बी फुकट मिळतंय. शाळेतली मेहनत शिक्षक करतात, घरची आपण करायची. दीक्षा ॲप उतरवायला आज रात्री पाच मिनिटं लागतील. पुस्तक दप्तरात आहेच.